चार फोन, एक सासरे

गेली सव्वीस वर्षं उपेंद्र सबनीस दुबईहून कराडला फोन लावून "नाना, ऐकू येतंय का?" असं ओरडत आला होता, आणि गेली सव्वीस वर्षं त्याचे सासरे तिकडून "येतंय, बोला" असं शांतपणे सांगत आले होते. यंदाच्या मार्चपासून मात्र लाइनीला काय झालं कोण जाणे. पहिली सात-आठ मिनिटं बोलणं कसं सुरळीत चालायचं. ऊन, नळाच्या पाण्याची वेळ, गुडघा, शेजारच्या तन्मयने घेतलेली नवी मोटरसायकल. मग जरा मुद्द्याचं बोलावं म्हटलं की खर्र, खर्र, "हॅलो... उपें... हॅ..." आणि खलास! पुन्हा लावावा तर नाना उचलून म्हणायचे, "काही ऐकू येत नाही हो उपेंद्रराव, रविवारी बोलू."

मुद्दा साधाच होता, पण त्यावर सगळं घर टांगलेलं होतं. गेल्या दिवाळीत उपेंद्रच्या सासूबाई, माई गेल्या. फेब्रुवारीत चौऱ्याऐंशी वर्षांचे नाना न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्या दिवसापासून उपेंद्रच्या बायकोने, म्हणजे स्मिताने, एकच धोशा लावला: नानांना इकडे आणायचं. ती इथल्या एका भारतीय शाळेत पाचवीला गणित शिकवायची, आणि हल्ली तिच्याकडून एकच उदाहरण फळ्यावर दोनदा लिहिलं जायचं. दुबईच्या इंटरनॅशनल सिटी वस्तीत, त्यांच्याच इमारतीत, तळमजल्याचा जरा मोठा फ्लॅट रिकामा झाला होता. जिना नको, लिफ्ट नको, नानांना अगदी सोयीचा. ब्रोकरने तो एप्रिलअखेरपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं. कराडहून फक्त एक शब्द यायला हवा होता, हो किंवा नाही, आणि तो काही केल्या समुद्र ओलांडत नव्हता.

आणि हे नाना कोण, तर कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले निवृत्त ट्रंक ऑपरेटर! चौतीस वर्षं डोक्याला हेडफोन लावून या माणसाने अख्ख्या तालुक्याला मुंबई-पुणे जोडून दिलं. आता त्यांच्या सख्ख्या लेकीची लाइन लागेना.

"टू-जीच्या काळात असं कधी झालं नाही," उपेंद्र एका शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशीवरून म्हणाला. "तेव्हाचा आवाज कसा ठणठणीत होता. हे सगळं फाइव्ह-जी आल्यापासून."

"बाबा, दॅट्स जस्ट नॉस्टॅल्जिया," अंश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. अंश एकोणीस वर्षांचा, इथंच वाढलेला, इथंच इंजिनिअरिंग करणारा. त्याच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत यायचं, आणि इंग्रजीत बोललं की तो हसायचा. "फाइव्ह-जी इज वे बेटर."

"बेटर ना? मग तुझे आजोबा खरखरतात कशाने?"

"मेबी इट्स यू. यू शाउट."

हे बाकी उपेंद्रच्या वर्मी लागलं. तो अल क्वोजमधल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. हे काम बाहेरच्याला कळत नाही. इमारती इंजिनिअर बांधतात असा लोकांचा गैरसमज असतो. इमारत बांधली जाते ती कागदावर. दाराच्या एकेका बिजागरीसाठी फॉर्म भरला जातो, तो कन्सल्टंटच्या ऑफिसात जातो, आणि तिथून त्यावर ए, बी, सी किंवा डी असा शेरा येतो. ए म्हणजे मंजूर. सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा. उपेंद्रने उभ्या नोकरीत मोजून नऊ ए पाहिले होते, आणि त्यांतल्या दोहोंच्या झेरॉक्स घरी ठेवल्या होत्या. असा माणूस पोटच्या पोराचं 'यू शाउट' ऐकून गप्प बसेल होय?

त्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला, कंपनीचा तपासणीचा कोरा फॉर्म घेतला आणि तक्ता आखला. तारीख, वेळ, जागा, हँडसेट, नेटवर्कची पिढी, सिग्नलच्या काड्या किती, आवाजाला पाचपैकी गुण किती, कॉल कितव्या मिनिटाला तुटला. शेवटचा रकाना 'विषय' हा होता. तो त्याला काढून टाकायचा होता, पण कंपनीच्या फॉर्मात विषय भरल्याशिवाय कर्सर जागचा हलत नाही, म्हणून राहू दिला. बेत असा, की टू-जी, थ्री-जी, फोर-जी आणि फाइव्ह-जी अशा चारही पिढ्यांच्या फोनवरून नानांशी बोलायचं, आणि ज्या पिढीत खरखर नाही तिच्यावरून एप्रिल संपायच्या आत होकार घ्यायचा.

"अहो, पण तुम्ही त्यांना सरळ पत्र का नाही लिहीत?" स्मिता म्हणाली.

"पत्राला पिढी नसते," उपेंद्र म्हणाला. म्हणजे काय, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

पहिली अडचण अशी आली, की घरात एवढ्या पिढ्या नव्हत्या. अंशकडे फाइव्ह-जी होता, उपेंद्रचा स्वतःचा फोर-जी. बाकीचे दोन आणायला तो शेजारच्या अलीमियाँना घेऊन शारजात रोल्लाच्या बाजारात गेला. अलीमियाँ मूळचे श्रीवर्धनचे, तीस वर्षं इथं, जुन्या वस्तूंचे जाणकार म्हणून इमारतीत त्यांचा दबदबा. एका चिंचोळ्या दुकानात काउंटरखालच्या खोक्यातून एक कीपॅडवाला फोन निघाला. उपेंद्रने तो तळहातावर तोलला. काय वजन, काय बटणं!

"सौ दिरहम," दुकानदार म्हणाला.

"शंभर दिरहम? म्हणजे चोवीसशे रुपये! अहो, नवा मिळेल."

"नवा नाय मिळणार ना भाई, तीच तर गोष्ट हाय," अलीमियाँ म्हणाले. अलीमियाँ नेमके आपल्या बाजूने आले होते की दुकानदाराच्या, असा उपेंद्रला क्षणभर प्रश्न पडला. शेवटी साठात जमलं, म्हणजे चौदाशे चाळीस. थ्री-जीचा एक रंग उडालेला फोन ऐंशीला मिळाला. घरी येऊन उपेंद्रने कीपॅडवाल्यात सिम घातलं, बटण दाबलं, आणि फोनने गोड आवाजात स्वागत करून पडद्यावर एकही काडी दाखवली नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्याने दुकानदाराला फोन केला.

"सर, टू-जी तो यहाँ कबका बंद हो गया ना," दुकानदार म्हणाला.

"तो फिर बेचा क्यूँ?"

"आपने माँगा ना, हबीबी."

झालं! ज्या पिढीच्या भरवशावर हा सगळा घाट घातला, ती पिढी आधीच निवर्तलेली. उपेंद्रने तक्त्यात टू-जीच्या ओळीत 'अनुपस्थित' असं लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसला. अंश बाजूने जाताना नुसता हसला, आणि ते जास्त झोंबलं. पुढे सिम थ्री-जीत घालताना अडॅप्टरसकट आत अडकलं. ते वरच्या मजल्यावरच्या हेमाच्या भुवया कोरायच्या चिमट्याने काढावं लागलं, आणि त्यामुळे प्रयोगाची बातमी इमारतभर झाली.

आता सल्ल्यांना काय तोटा! अलीमियाँचं मत पडलं, की सगळा दोष खिडकीच्या काचेचा. फोन स्टीलच्या ताटात ठेवून बोला. हेमा बेळगावची, बोलायला फार अदबशीर. ती म्हणाली, "रागवू नका हं भावजी, पण काकांचे कान एकदा दाखवून घ्या." कॉल सात-आठ मिनिटांनी तुटतो हे कळल्यावर अलीमियाँनी निदान बदललं. फोन तापतो! बोलण्याआधी दहा मिनिटं त्याला फ्रिजमध्ये ठेवा. त्या दिवशी स्मिताने दही काढायला फ्रिज उघडला तर विरजणाच्या भांड्याला टेकून थ्री-जी झोपलेला. तिने तो उचलून मुकाट्याने टेबलावर ठेवला आणि सव्वीस वर्षांच्या संसारात प्रथमच नवऱ्याला 'अहो' न म्हणता नुसतं 'उपेंद्र' म्हटलं.

मग उपेंद्र घराबाहेर पडला. शास्त्रशुद्ध तपासणी एका जागेवरून होत नसते. इंटरनॅशनल सिटीत मोहल्ल्यांना देशांची नावं आहेत हे तिथं राहणाऱ्यांच्या आता लक्षातही येत नाही. इंग्लंडमध्ये लाँड्री, फ्रान्समध्ये सलून, पर्शियात चांगली चपाती, असं सगळं सर्रास चालतं. कराडला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं.

"नाना, ऐकू येतंय का? मी आत्ता इंग्लंडमध्ये आहे!"

"अरे वा! थंडी असेल?"

"छे हो, अडतीस आहे. घामाने भिजलोय. आता फ्रान्समध्ये जाऊन परत लावतो."

"आजच?"

"पाच मिनिटांत!"

त्या शनिवार-रविवारी उपेंद्रने इंग्लंड, फ्रान्स, मोरोक्को, रशिया आणि पर्शिया असे पाच देश पालथे घातले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तीन फोन, हातात वही. रविवारी संध्याकाळी तन्मयचा स्मिताला मेसेज आला: नाना कट्ट्यावर सगळ्यांना सांगतायत, जावई जगप्रवासाला निघालेत, येताना रशियातून काही स्वस्त मिळत असेल तर बघायला सांगा.

गच्चीवरून सगळ्यात स्वच्छ रेंज येईल असं उपेंद्रच्या मनाने घेतलं. पण गच्चीची किल्ली नातूरकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे, आणि नातूर म्हणाला, मॅनेजमेंटचं एनओसी लाओ. एनओसी कशाचं? छत पे जाने का. किसलिए जाना है? फोन करने के लिए. नातूरने त्याच्या सॅककडे, तीन फोनांकडे आणि वहीकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो जरा मागे सरकला. दुसरा कोणी असता तर चिडला असता. उपेंद्रला मात्र या माणसाबद्दल आदरच वाटला. त्याने रीतसर अर्ज लिहिला, एमिरेट्स आयडीची प्रत जोडली, तीन दिवसांनी एनओसी आलं, आणि गच्चीवरून कॉल लागला तो इतका सुरेख, की पलीकडच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. सहाव्या मिनिटाला खर्र, खर्र, खलास.

फोन कंपनीकडे तक्रार नोंदवली, तर एक तरुण तंत्रज्ञ येऊन घरभर यंत्र फिरवून गेला. सिग्नल फुल आहे, म्हणाला. जाताना दारात घुटमळला. "सर, सर्व्हेचा मेसेज येणार. दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी मला मीटिंगमध्ये उभं करतात." उपेंद्रने दहा दिले. बिघाड तसाच, आणि समाधान शंभर टक्के! वर, 'आपल्या आनंदात आमचा आनंद' असा मेसेज आला, त्याने तर त्याचा नुसता तिळपापड झाला.

अशा रीतीने तीन आठवड्यांत एकोणीस कॉल झाले. थ्री-जीने सात, फोर-जीने सहा, फाइव्ह-जीने सहा. तोडायच्या बाबतीत तिघंही एका माळेचे मणी निघाले. तक्ता भरत गेला, आठव्या रकान्यात मिनिटं पडत गेली, आणि नवव्या रकान्यात, फॉर्म पुढे सरकावा म्हणून, उपेंद्र त्या त्या कॉलमधले विषय ओळीने टाकत गेला: हवामान, आंबा, गुडघा, पाणी, दुबई. निष्कर्ष काही निघेना. इकडे ब्रोकर रोज विचारू लागला. स्मिता आता शाळेतून आली की कपडे न बदलता सोफ्यावर बसून राहायची. एकदा ती म्हणाली, "माईच्या वेळेसही असंच झालं. ती काहीतरी सांगत होती आणि माझा तास होता, म्हणून मी म्हटलं रात्री करते फोन." तो रात्रीचा फोन झालाच नाही. उपेंद्रने त्या दिवशी तक्ता उघडलाच नाही.

आणि इथं घात झाला. हा तक्ता तो ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवत होता, आणि गेल्या आठवड्यात तो चुकून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये गेला होता. ऑफिसची रीत अशी, की प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जे जे असेल ते दर सोमवारी चार वाजता आपोआप कन्सल्टंटकडे रवाना होतं. ही व्यवस्था कोणी बसवली होती? उपेंद्रनेच. तेव्हा त्याबद्दल त्याला सत्कारात फुलदाणी मिळाली होती. त्या सोमवारी फायर-डोअरच्या बिजागऱ्यांच्या पाठोपाठ, रीतसर क्रमांक घेऊन, नानाही गेले.

कन्सल्टंटच्या ऑफिसात यम्ना मॅडम बसायच्या. त्यांच्यासमोर भलेभले ठेकेदार चळाचळा कापायचे, कारण त्या प्रत्येक फॉर्म खरोखर वाचायच्या. या धंद्यात असं कोणी करत नाही. त्यांनी नानाही वाचले. गुरुवारी सकाळी शेरा आला: सी. दुरुस्त करून पुन्हा पाठवा. मॅनेजरने प्रिंट काढून तो सगळ्यांसमोर उपेंद्रच्या हातात दिला आणि विचारलं, "सबनीस, हू इज नाना?"

"फादर-इन-लॉ, सर."

"अँड ही इज नॉट अप्रूव्ह्ड?"

ऑफिसात जो हशा पिकला तो उपेंद्रच्या कानांत अल क्वोजपासून घरापर्यंत वाजत राहिला. त्याने अर्धी सुट्टी टाकली. बसमध्ये बसल्यावर त्याने तो कागद उघडला. आपला अपमान निदान मुद्देसूद झालाय का, ते त्याला बघायचं होतं. पहिला शेरा: 'नाना' ही कोणती सामग्री आहे याचा उल्लेख नाही. दुसरा: टू-जीचा नमुना सादर केलेला नाही. तिसरा: फ्रान्स, इंग्लंड व रशिया प्रकल्पाच्या हद्दीत येत नाहीत. इथपर्यंत ठीक होतं. चौथा शेरा त्याने दोनदा वाचला आणि त्याचा स्टॉप मागे पडला.

स्मिता नुकतीच शाळेतून आली होती. उपेंद्रने कागद तिच्यापुढे ठेवला आणि चौथ्या शेऱ्यावर बोट टेकवलं. यम्ना मॅडमनी लिहिलं होतं: बिघाडाचा हँडसेट, जागा किंवा नेटवर्कच्या पिढीशी कोणताही संबंध आढळत नाही. एकोणीसपैकी एकोणीस वेळा कॉल 'विषय: दुबई' असतानाच तुटला आहे. अन्य विषयांवर बिघाड शून्य. ठेकेदाराने नानांकडून खुलासा घ्यावा.

स्मिताने वाचलं. मग तक्ता मागून घेतला आणि नवव्या रकान्यावरून बोट खाली नेत गेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी दुबई, दुबई, दुबई.

"तुला म्हणायचंय, नाना मुद्दाम..." उपेंद्र म्हणाला.

"मी कुठं काय म्हणतेय? तुमची यम्ना म्हणतेय."

अंश दाराशी उभा राहून ऐकत होता. "वेट," तो म्हणाला. "नाना'ज फोन लिटरली क्रॅकल्स? लाइक, खर्र खर्र? बट डिजिटल डझन्ट क्रॅकल, बाबा. ते तुटतं, आवाज रोबोसारखा होतो, नाहीतर एकदम सायलेन्स. खर्र तर जुन्या वायरवाल्या फोनचं." एवढं सलग मराठी तो वर्षभरात बोलला नव्हता, त्यामुळे दोघंही त्याच्याकडे बघतच राहिले.

आणि मग स्मिताने कपाळावर हात मारला. "अगं बाई! चिवड्याचा कागद!"

ती लहान असताना मिरजेची आत्या पाच पोरांसह महिनाभर राहायला येते म्हणून ट्रंक कॉल करायची. नाना आतून चिवड्याचा कागद आणायचे, रिसीव्हरपाशी धरून तो हलकेच चुरगळायचे आणि मधूनमधून शब्द गिळायचे. खर्र, "हॅलो... आक्का... काही ऐकू..." आक्का बिचारी टेलिफोन खात्याला शिव्या घालत बसायची. माई पदर तोंडाला लावून हसायच्या. चौतीस वर्षं खराब लाइनी ऐकलेला माणूस. त्याच्याइतकी हुबेहूब खराब लाइन महाराष्ट्रात दुसरं कोण काढणार?

स्मिता हसली नाही. "सहा आठवडे," ती म्हणाली. "सहा आठवडे मी इथं जीव टांगून बसलेय, आणि हे तिकडे कागद चुरगळतायत!" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. तिने स्वतःचा फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर मधोमध ठेवला. कराडला साडेपाच वाजले होते.

"हॅलो, बोल गं बाळ," नाना म्हणाले. "उपेंद्रराव कुठल्या देशात आहेत?"

"घरीच आहेत. नाना, तुम्ही दुबईला येताय ना?"

खर्र, खर्र, "हॅ... स्मि..."

"नाना, ती पिशवी खाली ठेवा."

खरखर थांबली. तिकडे रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो इकडे स्वच्छ ऐकू आला.

"फरसाणाची आहे. पण तुला कसं कळलं?" नानांनी विचारलं.

"अंश म्हणतो, आताच्या फोनला खरखर होतच नाही."

"होत नाही?" नाना खरंच चकित झाले. "मग लाइन बिघडली तर होतं तरी काय?"

"आवाज यंत्रासारखा होतो म्हणे. नाहीतर नुसती शांतता."

"हे मला कोणी सांगितलं नाही," नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुन्या ऑपरेटरचा खराखुरा अपमान होता. उपेंद्रला त्या घडीला या माणसाबद्दल फार जवळीक वाटली.

"नाना, का केलंत असं?" स्मिताचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. "यायचं नाही तर नाही म्हणायचं. मी काय तुम्हाला ओढून नेणार होते?"

"नेलं असतंस," नाना म्हणाले. "तुला नाही म्हणायचं काम तुझी आई करायची. सहलीला नाही, सायकल नाही, कोल्हापूरच्या कॉलेजला नाही. तू चिडायचीस तिच्यावर. मी आपला मागून तुला पेढा द्यायचो. रात्री ती मला म्हणायची, सगळा वाईटपणा माझ्याकडे दिलात. आता ती नाही. आणि मला ते येत नाही गं, या वयात कुठून शिकू?"

अंशने फोनकडे वाकून पाहिलं, कॉल चालू होता.

"मागे आलो होतो तिकडे," नाना पुढे म्हणाले. "छान ठेवलंत तुम्ही मला. पण सकाळी तुम्ही तिघं गेलात की मी दार लावायचो, आणि संध्याकाळी उघडायचो. मधले नऊ तास मला अजून आठवतात. इथं मी पडलो ना, तेव्हा तन्मय भिंतीवरून उडी टाकून आला. त्याच्या चपला तिकडेच राहिल्या."

"मग मला म्हणा," स्मिता म्हणाली. "आईसारखं म्हणा. सरळ."

"राहू दे आता."

"नाही. म्हणा."

नानांनी घसा साफ केला. "मी येणार नाही, स्मिता."

तो शब्द कराडहून दुबईत पोचला, आणि इतका स्वच्छ, की काही चुरगळल्याचा सोडा, श्वासाचाही अडथळा नव्हता. स्मिताने ओढणीने तोंड पुसलं. ती रडत होती, पण सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले होते. उपेंद्रच्या डोळ्यांपुढे तळमजल्याचा फ्लॅट आणि ब्रोकर येऊन गेले, पण तो शहाण्यासारखा गप्प बसला.

"बरं," ती म्हणाली. "मग मी येते. जुलैत शाळेला सुट्टी लागते. पूर्ण दोन महिने."

"दोन महिने?" हे उपेंद्र म्हणाला. "अगं, पण इथं आमचं जेवण..." स्मिताने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि अंशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उपेंद्रला आयुष्यात प्रथमच पोराचा आधार वाटला, म्हणजे परिस्थिती किती गंभीर असेल ते बघा.

कराडकडून काहीच येईना. पाच सेकंद, दहा सेकंद. खरखर नाही, काही नाही.

"नाना?" स्मिता म्हणाली. "नाना, आहात ना? येऊ ना मी?"

"तुझी गादी माळ्यावर आहे," नाना म्हणाले. "पाऊस लागायच्या आत तिला ऊन दाखवायला हवं."

"अहो नाना, अजून दोन महिने आहेत मला यायला! आणि तुम्ही माळ्यावर चढू नका, तुमचं मनगट..."

"तन्मय!" नाना तिकडे भिंतीपलीकडे ओरडले, एवढ्या जोरात की टेबलावरचा फोन थरथरला. "अरे तन्मय, शिडी घेऊन ये रे लवकर!" आणि घाईघाईत त्यांनी फोन ठेवून दिला.